पहिली धडक आणि नंतरच्या तीन

गेल्या महिन्यात शहरातल्या एका महाविद्यालयात विद्यार्थ्यांची रोबोट स्पर्धा झाली. उपांत्य फेरीत एका संघाच्या रोबोटला दुसऱ्या संघानं ठोकून ठोकून निकामी केलं. तेव्हापासून माझ्या ओळखीच्या शिक्षक-अभियंत्यांमध्ये एकच वाद पेटलाय. हरलेल्यांचे शिक्षक म्हणतात, ही सरळ गुंडगिरी आहे. पोरांच्या स्पर्धेत धडका हव्यातच कशाला, बंद करा. जिंकलेल्यांचे पाठीराखे म्हणतात, धडक चालते असं नियमातच होतं. तुमचा रोबोट काडेपेटीचा, त्याला आम्ही काय करायचं? दोन्ही बाजू तावातावानं बोलतायत, आणि दोघांच्याही हातात निम्मंच सत्य आहे.

त्या सामन्याचा पंच मीच होतो, म्हणून काय झालं ते आधी सांगतो. प्लायवूडचं मैदान, पंधरा किलोपर्यंतचे रोबोट, मधोमध लाकडी ठोकळे. तीन मिनिटांत जास्तीत जास्त ठोकळे आपल्या चौकटीत न्यायचे. एकमेकांना अडवायला, ढकलायला परवानगी. सामना रंगात आला आणि दोन्ही रोबोट एकाच ठोकळ्यावर झेपावून समोरासमोर आदळले. ही पहिली धडक. तिच्यात काहीही वावगं नव्हतं. एका रोबोटचा दिवा विझला आणि तो जागीच थांबला. दुसऱ्यानं आता निवांत ठोकळा उचलायचा की नाही? त्यानं ठोकळा तसाच सोडला, चार फूट मागं गेला आणि बंद पडलेल्याच्या बरगडीत घुसला. परत मागं, परत घुसला. तिसऱ्या खेपेला मोटर ब्रॅकेटसकट लोंबकळायला लागली आणि प्रेक्षकांतून शिट्ट्या आल्या. शिट्टी माझ्याही तोंडात होती. ती वाजली नाही. का वाजली नाही, त्याकडे पुढं येतो.

सामना संपल्यावर त्या पोरांबरोबर बसून झाकण उघडलं. कंट्रोल बोर्डाला वीज देणारी जंपर वायर पिनेवरून निसटली होती. पहिल्या धडकेनं एवढंच झालं होतं. मोडतोड काहीच नाही. टेबलावर प्रयोग करताना खुपसायची वायर तशीच मैदानात उतरली होती, तिला ना सोल्डरचा डाग दिलेला, ना गरम गोंदाचा एक थेंब. म्हणजे रोबोट थांबला तो ज्यांचा त्यांच्या चुकीनं, आणि मोडला तो समोरच्याच्या. वादात मात्र चारही धडका एकाच पोत्यात भरल्या जातात आणि मग पोतं कुणाच्या डोक्यावर द्यायचं यावर भांडण होतं.

माझं मत असं आहे. धडका राहू द्याव्यात. रोबोट धडक खाण्यासारखेच बांधायला लावावेत, आणि जो बांधत नाही त्याची फार कीव करू नये. थांबलेल्याला मारणाऱ्याला मात्र तिथल्या तिथं बाहेर काढावं. या दोन गोष्टी लोकांना एकमेकींच्या विरुद्ध वाटतात. एक म्हणे कडक माणसाचं मत, दुसरं मवाळाचं. मला त्या एकच वाटतात, कारण कच्च्या रोबोटांच्या मैदानात सरळ खेळ ओळखताच येत नाही. जिथं नुसता धक्का लागला तरी काहीतरी निखळतं, तिथं अडवणारा आणि मोडणारा सारखेच दिसतात. लबाडाला लपायला याहून चांगली जागा कुठली?

आधी मजबुतीचं बोलू, कारण त्यातलं मला जास्त कळतं. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं लहानसं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिल, एक वेल्डिंग सेट. डिसेंबर उजाडला की अभियांत्रिकीची पोरं कागदावर चित्रं घेऊन येतात आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "सर, जाड पत्रा पाहिजे." मजबूत म्हणजे जाड, ही समजूत डोक्यातून काढायला मला दरवर्षी एक आठवडा लागतो. साधं गणित करून दाखवतो. दहा किलोचा रोबोट सेकंदाला दोन मीटर वेगानं येऊन भिंतीला थडकला, तर त्याच्यात वीस ज्यूल ऊर्जा असते. ती एका सेंटीमीटरात जिरवायची म्हटली तर सरासरी २,००० न्यूटन जोर बसतो, म्हणजे अंगावर दोनशे किलोचं ओझं ठेवल्यासारखं. तीच ऊर्जा पाच सेंटीमीटरच्या फोममध्ये जिरली तर जोर उतरून चाळीस किलोवर येतो. पत्रा जाड केल्यानं हा जोर कमी होत नाही; उलट सगळा झटका आतल्या मोटरला, बॅटरीला आणि त्या बिचाऱ्या जंपर वायरला जाऊन बसतो. ताठ उभं राहणं वेगळं आणि मार पचवणं वेगळं.

हे मला कॉलेजात शिकवलं होतं, पण कळलं होतं त्याआधीच, मागाच्या शेडमध्ये. माझे वडील पूर्व भागातल्या एका कारखान्यात जॉबर, म्हणजे माग नीट चालते ठेवणारे मिस्त्री, होते. साधा यंत्रमाग ज्यानं जवळून पाहिलाय त्याला ठाऊक आहे की माग म्हणजे दिवसभर चालणारी मारामारीच. धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन धावणारा लाकडी तुकडा, मिनिटाला शंभराहून जास्त वेळा इकडून तिकडं फेकला जातो आणि दर वेळी पेटीत येऊन आपटतो. आपटू नये म्हणून कुणी माग बंद ठेवत नाही. पेटीच्या टोकाला झटका खाणारा चामड्याचा पट्टा असतो, धोट्याला परत फेकणारा पिकर असतो, आणि तो झिजला की बदलायचा असतो. झिजायची जागा आधीच ठरवून द्यायची, म्हणजे नको तिथं मोडत नाही. वडील सकाळी शेडमध्ये शिरले की कापड बघत नसत, आवाज ऐकत. "सहा नंबरचा पट्टा गेलाय," म्हणायचे आणि गेलेलाच असायचा. पण मागाला आणखी एक गोष्ट असते. धोटा उडून शेजारच्या मागावरच्या माणसाच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून पुढं गार्ड लावलेला असतो. गार्डनं मागाचं उत्पादन एक वारही वाढत नाही. तो दुसऱ्यासाठी असतो. आपल्या यंत्राला मार सोसायला शिकवणारा आणि दुसऱ्याला मार लागू नये म्हणून गार्ड घट्ट करणारा जॉबर एकच होता, त्याच्या हातात पाना एकच होता. रोबोटांच्या बाबतीत ही कामं दोन वेगवेगळ्या पक्षांनी वाटून घेतल्यासारखं आपण का बोलतो?

आता बंदीवाल्यांचे मुद्दे. त्यातला सगळ्यात वजनदार मुद्दा पैशाचा आहे आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. मोठ्या शहरातल्या खासगी महाविद्यालयाच्या संघाकडे प्रायोजक असतो, ब्रशलेस मोटर असते, लेझरनं कापून आलेला ॲल्युमिनियमचा सांगाडा असतो, आणि मोडलं तर दुसरं तयार असतं. मोहोळ किंवा अक्कलकोटच्या पोरांनी वर्गणी काढून रोबोट केलेला असतो. एक मोटर गेली की त्यांचं वर्ष गेलं. धडका चालू ठेवल्या की पैसेवाल्याचा रोबोट गरिबाच्या रोबोटला चिरडणार, हे कसं नाकारायचं? आणि हरलेला संघ नेमका असाच वर्गणीचा होता, हेही सांगायला हवं.

पण मोडलेले रोबोट मी उघडून बघतो, आणि आत काय सापडतं? चाक शाफ्टवर, म्हणजे मोटरच्या दांड्यावर, आवळणारा हबचा ग्रब स्क्रू ढिला, कारण शाफ्टच्या सपाट बाजूवर तो बसवलेलाच नाही. चाक एका बाजूनं टांगलेलं, दुसऱ्या टोकाला बेअरिंगचा आधार नाही, म्हणून पहिल्याच आडव्या माराला शाफ्ट वाकलेला. साधा नट थरथरून निघालेला, जिथं चार पैसे जास्त देऊन थरथरून न सुटणारा नायलॉक नट बसला असता किंवा आट्यांत घालायच्या गोंदाचा, थ्रेड लॉकरचा, एक थेंब पुरला असता. सांगाडा ॲक्रिलिकचा, कारण तो दिसायला छान. तो वाकत नाही, काचेसारखा तडकतो. बॅटरी दुहेरी टेपनं चिकटवलेली आणि आपल्याकडच्या एप्रिलात तो टेप किती धरतो ते सांगायला नको. गेल्या वर्षी एका संघानं थ्रीडी प्रिंटरवर पीएलए नावाच्या प्लॅस्टिकचे सुंदर ब्रॅकेट काढले होते. दुपारभर बंद गाडीत मागच्या काचेखाली पिशवी राहिली. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि त्रेचाळीस अंशांच्या उन्हात उभ्या गाडीत काचेखालचं प्लॅस्टिक तिथवर सहज पोचतं. संध्याकाळी ब्रॅकेट पापडासारखे वाकलेले. हे सगळं समोरच्या संघानं केलं का? ह्यातली कुठली गोष्ट पैशानं अडली होती? लेझर कटिंग महाग आहे हे खरं. शाफ्टला दोन्हीकडून आधार देणं महाग नाही. भाजी चिरायच्या जाड पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पाटाचा, म्हणजे एचडीपीईचा, सांगाडा मी पोरांना करून दिलाय. मार खाऊन तो जरा वाकतो आणि परत सरळ होतो.

बंपरची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेत डीन केमननं १९८९ मध्ये फर्स्ट ही संस्था काढली. तिची शाळकरी मुलांची पहिली मोठी रोबोट स्पर्धा १९९२ साली २८ संघांनिशी झाली. तिथले रोबोट चांगले वजनदार, पन्नास किलोच्या घरातले, आणि सामना धसमुसळा. बंपर तिथं सक्तीचे आहेत, आणि ते कशाचे असतात? प्लायवूडची पट्टी, त्यावर पोहायला शिकणाऱ्या मुलांच्या त्या लांब फोमच्या नळ्या, वर जाड कापड. एवढंच. मी हे आपल्या एका संघाला सांगितलं तर त्यांनी गादीवाल्याकडून फोमचे तुकडे आणले आणि वर घरातला टेरी टॉवेल ताणून बसवला. पहिल्याच सरावात टॉवेलचे फासे दुसऱ्या रोबोटच्या स्क्रूत अडकले आणि दोघं गळामिठी मारून बसले. त्यांच्यातल्या एकीची आई टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे. ती म्हणाली, अरे, फासेवालं कापड कशाला, चादर लावा की. जुनी सोलापुरी चादर चौपदरी करून ठोकली. ती आजतागायत फाटलेली नाही. निर्यातीची इतकी चर्चा होते आपल्या चादरीच्या, हा उपयोग कुणी सुचवला नव्हता.

तेव्हा पैशाच्या मुद्द्याला उत्तर बंदी हे नाही. खर्चाची कमाल मर्यादा घाला, तयार विकत आणलेल्या सांगाड्यांना वेगळा गट करा, बंपर आयोजकांनीच एका मापाचे द्या. यानं गरीब संघाला खरा आधार मिळेल. धडका बंद केल्यानं काय होईल? पैसेवाला संघ मग अचूक सेन्सर आणि महागडा कॅमेरा लावून जिंकेल. विषमता तिथंच राहील, फक्त ती आवाज करणार नाही. उलट धक्काबुक्कीच्या सामन्यात डोकं लावून बांधलेला स्वस्त रोबोट महागड्याला अडवून धरू शकतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

दुसरा मुद्दा सुरक्षेचा. तो मला बराचसा मान्य आहे. लिथियम पॉलिमर बॅटरीला भोक पडलं तर ती पेटते, आणि शाळेच्या हॉलमध्ये वाळूची बादलीही नसते. फिरती पाती, हातोडे, करवती लावलेले रोबोट हा वेगळा प्रकार आहे. आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टमध्ये रोबोवॉर्स होतात. असल्या खेळाला पॉलिकार्बोनेटचा बंद पिंजराच लागतो. तो नसेल तर असले सामने घेऊच नयेत, आणि शाळकरी गटात तर मुळीच नाही. पण ढकलाढकलीचा रोबोट आणि पात्याचा रोबोट यांतला फरक न करता सगळ्यांवर एकच फुली मारणं म्हणजे तलवारबाजीत धोका आहे म्हणून लगोरी बंद करणं. आणि खरं सांगायचं तर अपघात टाळायचा उपायही मजबुतीच आहे: बॅटरी सांगाड्याच्या आत, चारी बाजूंनी कप्पा, बाहेरून हाताला लागेल असं बंद करायचं बटण. उघडी बॅटरी पोटाला बांधून धडका बंद असलेल्या स्पर्धेत उतरणारं पोर मला जास्त धोक्यात वाटतं.

आता दुसरी बाजू, नियमात होतं म्हणणारी. हिच्याकडं एक मुद्दा असा आहे की तो मला त्या दिवशी जागच्या जागी खिळवून गेला. पंचाला मनातलं कसं दिसणार? त्या चालकानं मुद्दाम मारलं की समोरचा अजून चालू आहे असं समजून मारलं? नियमपत्रिकेत 'ढकलणे चालेल' असं एक वाक्य होतं आणि थांबलेल्या रोबोटबद्दल चकार शब्द नव्हता. लिहिलेलं नाही त्याची शिक्षा द्यायची म्हणजे पंचानं आपल्या आवडीनिवडीवर खेळ चालवायचा. म्हणून मी शिट्टी धरून उभा राहिलो. कागदाच्या आड उभं राहणं सोपं असतं, हे नंतर रात्री कळलं.

खेळभावना ही मोघम गोष्ट आहे आणि तिच्या नावाखाली अन्यायही झालाय, हे मी कबूल करतो. आपल्याकडं हे भारताचे क्रिकेटपटू विनू मांकड यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? १९४७ साली सिडनी कसोटीत गोलंदाजाच्या टोकाला उभ्या आणि चेंडू टाकण्याआधीच क्रीज सोडून पुढं गेलेल्या ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राउनला त्यांनी धावबाद केलं. नियमात बसत होतं. त्याच दौऱ्यात आधी एकदा त्यांनी ब्राउनला ताकीदही दिली होती. तरी पुढची सत्तर वर्षं असल्या धावबादाला त्यांच्या आडनावानं ओळखलं गेलं आणि ते आडनाव शिवीसारखं वापरलं गेलं. प्रत्यक्ष ऑस्ट्रेलियाचा कर्णधार ब्रॅडमननं मांकडांची बाजू घेतली होती. शेवटी २०२२ मध्ये क्रिकेटचे नियम लिहिणाऱ्या एमसीसीनं हा प्रकार अनुचित खेळाच्या कलमातून काढून साध्या धावबादाच्या कलमात टाकला. म्हणजे नियमावर बोट ठेवणारा दर वेळी चुकतोच असं नाही. खेळभावनेचा गजर करणारे दर वेळी बरोबर असतात असंही नाही.

पण याच्या शेजारी १ फेब्रुवारी १९८१ चा मेलबर्नचा सामना ठेवून बघा. शेवटचा चेंडू, न्यूझीलंडला बरोबरीसाठी सहा धावा. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार ग्रेग चॅपेलनं धाकट्या भावाला, ट्रेव्हरला, चेंडू जमिनीवरून घरंगळत टाकायला सांगितलं. तेव्हाच्या नियमात तेही बसत होतं. मग दोन्हींत फरक काय? मांकडांनी जो फायदा उकळत होता त्याला रोखलं. खेळ चालू राहिला आणि जरा सरळ चालू राहिला. चॅपेलनं खेळच संपवला. फलंदाजानं बॅट फेकून दिली ती त्यामुळे. त्याला खेळायला काही उरलंच नव्हतं. माझी कसोटी हीच आहे. ज्या कृतीनंतर समोरच्याला अजून काही करता येतं ती खेळातली. वाट अडवा, कोपऱ्यात दाबा, ठोकळ्यावरून हुसकून लावा. त्यानं डोकं चालवलं तर तो सुटेल. बंद पडलेल्या रोबोटनं काय करायचं? त्याच्याकडं फेकायला बॅटही नाही.

आणि मनात डोकवायची गरज पडत नाही, जर नियम डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींवर लिहिले तर. कबड्डी हा चांगलाच अंगाला भिडणारा खेळ. तरी तिथं गळा दाबता येत नाही, पायांची कैची घालता येत नाही, नखं कापलेली लागतात, अंगाला तेल चोपडून उतरता येत नाही. पंच 'तुझ्या मनात काय होतं' असं विचारत बसतो का? तो हात कुठं आहे ते बघतो. शिवाय नखं आणि तेल सामन्याआधीच तपासतो. फर्स्टच्या स्पर्धेतही हेच आहे: समोरच्याला मोजक्या सेकंदांपुरतंच दाबून धरता येतं, मग मागं सरायचं; त्याच्या सांगाड्याच्या आत घुसून मोडतोड केली तर दंड; गुंतवून ठेवण्याची चाल बाद. फोडणं हाच उद्देश असलेल्या रोबोवॉर्समध्येसुद्धा समोरचा हलेनासा झाला की सहसा पंच दुसऱ्याला मागं घेतो आणि आकडे मोजतो. मोडण्याच्या खेळात जे पथ्य पाळतात, ते ठोकळे उचलण्याच्या खेळात आम्ही पाळलं नाही.

आता बघा, इथं मजबुतीची कशी गाठ बसते. पाच सेकंद थांबलेल्याला मारू नये असा नियम केला आणि मैदानातले निम्मे रोबोट दर धक्क्याला आपोआप थांबायला लागले, तर त्या नियमाचं काय होईल? मोटर अडकली की ती एकदम भरमसाट करंट ओढते, व्होल्टेज खाली येतं, बोर्ड रीसेट होतो आणि रोबोट दोन सेकंद मेल्यासारखा पडतो, मग परत उठतो. असे उठणारे-पडणारे चार रोबोट मैदानात असले की पंच मोजणार किती आणि कुणाकुणाचं? एखादा हुशार चालक तर मार बसायच्या वेळी मुद्दाम मेल्याचं सोंग आणेल. उलट दोन्ही रोबोट पक्के असतील, बोर्डाची वीज वेगळी असेल, वायरा बांधलेल्या असतील, तर जो थांबतो तो खरोखर थांबलेला असतो आणि त्यानंतरची प्रत्येक धडक उघडी पडते. म्हणून मी म्हणतो की सामन्याआधी तपासणीत रोबोट उचलून जरा हलवून बघा. खुळखुळला तर परत पाठवा. तो खुळखुळा पंचाच्या न्यायालाही ढिला करतो.

'तुमचा रोबोट कच्चा होता' हे वाक्य मात्र मला ऐकवत नाही, आणि मी स्वतः कच्च्या रोबोटांवर एवढं तोंडसुख घेतल्यावरही नाही. फलंदाजानं हेल्मेट घालायलाच हवं. म्हणून हेल्मेट न घातलेल्याच्या डोक्यावर बीमर, म्हणजे टप्पा न पाडता थेट अंगावर चेंडू, टाकायचा परवाना मिळतो का? आणि घातलेल्याच्या डोक्यावर टाकायचा तरी मिळतो का? समोरच्याचा हलगर्जीपणा हा त्याचा हिशेब आहे, तो त्याला गुणांत भरावा लागेल. आपल्या तीन धडका आपल्या खात्यावर.

आणखी एक ऐकवलं जातं: बाहेरचं जग असंच आहे, उद्योगात कुणी दया दाखवत नाही, पोरांना आत्ताच कळू दे. हे बहुधा असे लोक म्हणतात ज्यांनी एमआयडीसीत दुकान लावलेलं नाही. माझ्या लेथच्या चकचा जबडा तुटला तेव्हा ज्यानं आपला जबडा आणून दिला तो माझ्याच गिऱ्हाइकांवर डोळा ठेवून असलेला शेजारी होता. संत नाही तो. पुढच्या महिन्यात त्याला माझं ड्रिल लागणार हे त्याला माहीत होतं. फर्स्टवाल्यांनी हाच व्यवहार स्पर्धेच्या रचनेत बसवलाय. तिथं सुरुवातीच्या फेऱ्यांत तीन-तीन संघांची युती करून खेळवतात आणि युत्या दर सामन्याला बदलतात. आज ज्याला अडवलं तो उद्या आपल्याच बाजूनं उभा असतो. उगाच त्याची मोटर कोण मोडेल? अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी जे सभ्य व्यावसायिकतेचं तत्त्व त्या स्पर्धेला दिलं, त्याचा बोलबाला फार होतो. मला त्या बदलत्या युत्यांची करामत जास्त भावते. नुसत्या उपदेशानं पोरं सुधारली असती तर आमच्या पिढीत कुणीच बिघडायला नको होतं. आपल्याकडं बाद फेरी लावतात, एकदा भेटला तो परत भेटत नाही, आणि मग सभ्यतेवर व्याख्यान ठेवतात.

२००८ साली आशियाई रोबोकॉन ही विद्यार्थ्यांची रोबोट स्पर्धा पुण्यात भरली होती. विषय होता दहीहंडी. रोबोटांनी लोणी काढायचं. विषय निवडणाऱ्याला मनापासून दाद द्यावीशी वाटते, कारण आपल्या चढाओढीचं सगळं शास्त्र दहीहंडीत आहे. वर चढणाऱ्या गोविंदांवर लोक बादल्यांनी पाणी ओततात, थर डळमळावेत म्हणूनच ओततात. खालचा थर खांद्याला खांदा घट्ट लावून उभा असतो, कारण पाणी येणार हे त्याला माहीत आहे. पाणी बंद करा अशी मागणी कुठल्या पथकानं केल्याचं मी ऐकलेलं नाही. आणि खालच्या थराचा पाय ओढणाऱ्याला लोक तिथंच धरून काय करतील, हेही सगळ्यांना माहीत आहे. त्यासाठी नियमपत्रिका लागत नाही.

पुढच्या वर्षीच्या नियमपत्रिकेचा कच्चा मसुदा आयोजकांनी माझ्याकडं पाठवलाय. मी दोन वाक्यं घातली आहेत, एक खुळखुळ्याचं आणि एक पाच सेकंदांचं. माझ्या न वाजलेल्या शिट्टीबद्दल हरलेल्या संघाला भेटून बोललो. त्यांच्या मास्तरांनी चहा दिला, माफ केलं की नाही ते समजलं नाही.

परवा जिंकलेल्या संघाचा तो चालक पोरगा वर्कशॉपवर आला होता. नवीन रोबोटला पुढून वेज, म्हणजे पाचरीसारखा उतार, लावायचाय म्हणून चित्र घेऊन. पाच एमएमची पोलादी (एमएस) प्लेट, जमिनीला घासून जाणारी, पुढची कड पटाशीसारखी धारदार काढलेली. म्हटलं, वेज बरोबर आहे, समोरच्याखाली शिरशील, उचलशील, पण ही धार कशाला? म्हणाला, "सर, नियमात धारेचं काही नाही ना." म्हटलं, नाही. थोडा वेळ दोघंही गप्प. मग मी त्याला म्हणालो, तू त्या दिवशी ठोकळा उचलला असतास तर किती गुणांनी जिंकला असतास, मोजलंस का? त्यानं मोजलं नव्हतं. बोटांवर मोजायला लागला.

वेज करून दिला. कड ग्राइंडरवर गोल मारली आणि पैसे धार न काढल्याचेच लावले.